म्युऑनचे घड्याळ आणि होमी भाभा

होमी भाभांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा घुमट येतो. संस्था उभारणारा, नेहरूंचा विश्वासू माणूस ही त्यांची ओळख पक्की आहे. पण भाभा मुळात सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ होते. वेगाने जाणाऱ्या वस्तूसाठी काळ मंदावतो, या आइन्स्टाइनच्या १९०५ मधल्या निष्कर्षाची परीक्षा कशी घेता येईल, हे त्यांनी वयाच्या २८व्या वर्षी सुचवले होते. त्यांच्या चरित्रातला हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

मुंबईतल्या सधन पारशी कुटुंबात ३० ऑक्टोबर १९०९ रोजी त्यांचा जन्म झाला. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे मुलाने केंब्रिजहून इंजिनीअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा घरचा बेत होता. १९२७ मध्ये तिकडे गेलेल्या होमींचे मन मात्र भौतिकशास्त्राकडे ओढ घेऊ लागले. वडिलांनी तोड काढली: आधी इंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग गणिताचा खर्च मी करतो. मुलाने १९३० मध्ये ती अट पुरी केली आणि १९३२ मध्ये गणितही पहिल्या वर्गात पार पाडले.

अवकाशातून येणारे विश्वकिरण हा त्या काळी भौतिकशास्त्रातला सर्वांत तापलेला विषय होता. हवेच्या वरच्या थरावर हे कण आदळतात आणि खाली नव्या कणांचा पाऊस पडतो. १९३६ च्या सुमारास अँडरसन आणि नेडरमायर यांना या पावसात इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २०० पट जड असा एक कण सापडला. आज आपण त्याला म्युऑन म्हणतो. असे जड कण फार काळ टिकत नसावेत, आपोआप फुटत असावेत, असे भाभांच्या गणितातून निघत होते. १९३८ मध्ये 'नेचर'मध्ये छापलेल्या छोट्या टिपणात त्यांनी पुढचा मुद्दा मांडला. ठरावीक काळात फुटणारा कण म्हणजे एक घड्याळच. मग तो वेगात असताना सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार उशिरा फुटायला हवा. सिद्धान्त खरा की खोटा, हे मोजून पाहता येईल.

काळ मंदावतो म्हणजे नेमके काय होते? धावत्या रेल्वेच्या डब्यात फरशीवरून छताकडे आणि परत असा प्रकाशाचा एक किरण उसळतो आहे, असे समजा. डब्यातल्या प्रवाशाला तो सरळ उभा वर-खाली जाताना दिसेल. फलाटावरच्या माणसाला मात्र गाडी पुढे सरकत असल्याने त्याची वाट तिरकी, म्हणजेच लांब दिसेल. चेंडू असता तर गाडीचा वेग त्याच्या वेगात मिळवून हिशेब जुळला असता. प्रकाशाचा वेग मात्र कोणीही मोजला तरी तेवढाच भरतो. वाट लांब आणि वेग तोच, तर वेळ जास्त लागणार. फलाटावरून पाहता डब्यातले घड्याळ हळू चालते. नेहमीच्या गाडीत हा फरक कुणाला जाणवणार नाही. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की तो प्रचंड होतो.

म्युऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागांपैकी २.२ भाग. एवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही सुमारे ६६० मीटर अंतर तुटेल. म्युऑन जन्मतात साधारण १५ किलोमीटर उंचीवर. त्यांचे घड्याळ आपल्यासारखेच चालत असते, तर हजार कोटींत जेमतेम एखादा जमिनीवर पोचला असता. प्रत्यक्षात ते आपल्या तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला सुमारे एक या हिशेबाने जात असतात. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगाने जाणाऱ्या म्युऑनचे घड्याळ आपल्या दृष्टीने दहापट मंद चालते. म्युऑनच्या बाजूने पाहिले तर त्याचे आयुष्य तेवढेच असते. वातावरणच आक्रसून दीड किलोमीटरचे झालेले असते. हिशेब दोन्हीकडून एकच येतो.

हे मोजून दाखवले ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी, १९४१ मध्ये. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात आणि खाली डेन्व्हर शहरात त्यांनी हे कण मोजले, आणि वेगवान कण हळू कणांपेक्षा जास्त टिकतात हे सिद्ध केले. पाठ्यपुस्तकांत नाव त्यांचे येते आणि ते रास्तच आहे. मोजमाप करणे सोपे नव्हते. पण त्याच्या शेजारी भाभांचेही नाव यायला हवे, असे वाटते.

भाभा तोवर बंगळुरात होते. १९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आले आणि युद्ध सुरू झाल्याने इथेच राहिले. पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे: १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग. चित्रकला आणि पाश्चात्त्य संगीताचा नाद अखेरपर्यंत होता. संशोधनाला वेळ मात्र कमी कमी मिळत गेला. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे 'कांचनजंगा' विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते.

त्यांच्या संस्थेची उटीला एक प्रयोगशाळा आहे. तिथे ५६० चौरस मीटरची म्युऑन दुर्बीण रात्रंदिवस म्युऑन मोजत असते. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात तिच्यातल्या म्युऑनची संख्या किंचित घटली, आणि त्या घटीवरून शास्त्रज्ञांनी वर दाटलेल्या ढगातला विद्युतदाब काढला: १३० कोटी व्होल्ट.