औषधाच्या पुडीतला राजवंश

चीनमधील औषधांच्या दुकानांत पूर्वी 'ड्रॅगनची हाडे' मिळत. त्यांची पूड जखमेवर लावत. त्यांतल्या काही हाडांवर अक्षरे कोरलेली आहेत, हे १८९९च्या सुमारास विद्वानांच्या ध्यानात आले. ती होती बैलांच्या खांद्याची हाडे आणि कासवांची कवचे. शांग घराण्याचे राजे त्यांना उष्णता देत आणि पडलेल्या तड्यांवरून पूर्वजांचा कौल घेत.

या हाडांतून इतिहास काढला तो वांग ग्वोवेई यांनी. जन्म १८७७चा, झेजियांग प्रांतातला. तरुणपणी ते पदार्थविज्ञान शिकायला जपानला गेले. प्रकृती बिघडल्याने परतले आणि कांट, शोपेनहाउअर यांच्यात रमले. १९११च्या क्रांतीनंतर मित्र लुओ झेन्यू यांच्यासह ते क्योटोत राहिले. लुओंकडे हाडांचा मोठा संग्रह होता.

शांग राजांची यादी सिमा च्येन यांच्या इतिहासग्रंथात होती. पण तो ग्रंथ त्या घराण्यानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिलेला. तो खरा कशावरून? १९१७ साली वांग यांनी हाडांवरची नावे या यादीशी ताडून पाहिली. बहुतेक जुळली. दोन वेगवेगळ्या संग्रहांतले तुकडे त्यांनी जोडले, तेव्हा ग्रंथातल्या तीन पूर्वजांचा क्रम चुकल्याचेही दिसले. वांग हाय या पूर्वजाचे नाव तर ग्रंथात बदलूनच गेले होते. ते नीट टिकले होते 'शानहायजिंग'मध्ये, म्हणजे विचित्र प्राण्यांनी भरलेल्या, विद्वानांनी भाकडकथांत काढलेल्या पुस्तकात!

१९२३ साली गु जिएगांग या तरुण अभ्यासकाने आद्य राजांच्या कथा उत्तरकाळी रचल्या गेल्याचे मांडले आणि खळबळ उडाली. वांग यांनी १९२५ साली छिंगह्वा येथील व्याख्यानांत मधला मार्ग सांगितला: ग्रंथातला पुरावा जमिनीतून निघालेल्या पुराव्याशी ताडून पाहावा. मात्र शांगांची यादी खरी ठरली म्हणून त्याआधीच्या शिया घराण्याचीही खरी असावी, असे त्यांनी मानले. तेथे ते पुराव्याच्या पुढे गेले.

माणूस मोठा विलक्षण. अभ्यासाची पद्धत नवी, पण गेलेल्या राजवटीची निष्ठा म्हणून डोक्यावरची वेणी शेवटपर्यंत ठेवली. २ जून १९२७ रोजी बीजिंगच्या ग्रीष्मप्रासादातील तलावात त्यांनी जीव दिला. वय ४९. पुढच्याच वर्षी आन्यांगजवळ, जिथून ही हाडे येत तिथे, शास्त्रीय उत्खनन सुरू झाले आणि शांग राजांची राजधानी व थडगी उजेडात आली. १९५९ साली अर्लितोऊ येथे त्याहून जुने मोठे नगर सापडले. ते शियांचे असे अनेक चिनी पुरातत्त्वज्ञ मानतात. पण तिथे त्या घराण्याचे नाव कोरलेले एकही हाड अद्याप मिळालेले नाही.