विश्लेषण : किब्ल्याची दिशा आणि पृथ्वीचे माप; कोण होते अल् बिरुनी?

नमाज मक्केतील काबाच्या दिशेने पढावी, हे कुराण सांगते. पण शेकडो कोस दूरच्या शहरातून ती दिशा नेमकी कोणती? प्रश्न श्रद्धेचा, उत्तर मात्र गणिताचे.

अल् बिरुनी यांचा जन्म ९७३ मधला, आजच्या उझबेकिस्तानातील ख्वारिझमचा. १०१७ मध्ये ख्वारिझम जिंकून महमूदाने त्यांना गझनीला नेले. गझनीचा किब्ला ठरवण्यासाठी त्यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावर ग्रंथ लिहिला. पंजाबातील नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची आणि माथ्यावरून क्षितिज किती अंशांनी खाली दिसते, एवढ्यावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली. ती आजच्या मापाच्या जवळ जाते.

संस्कृत शिकून १०३० च्या सुमारास त्यांनी भारतावर ग्रंथ लिहिला. पर्वताजवळ मोठे गोटे, पुढे लहान, मुखाशी वाळू, हे पाहून उत्तरेचे मैदान म्हणजे नद्यांच्या गाळाने बुजलेला समुद्र, असे अनुमान त्यांनी त्यात मांडले.

आकाश-पृथ्वीच्या आकाराबाबत कुराणाचा ओढूनताणून अर्थ लावण्याची गरजच नाही, असे त्यांचे मत होते. त्यामुळे मोजमाप करताना त्यांना ना धर्म सोडावा लागला, ना आकडे वाकवावे लागले.