वेर्नर म्योल्डर्स आणि ते पत्र



विमाने पाडणाऱ्या माणसाचे चरित्र रविवारच्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. पण या माणसाची गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर प्रवचनपीठापर्यंत येऊन पोहोचली, म्हणून लिहितो.

वेर्नर म्योल्डर्सचा जन्म १८ मार्च १९१३ रोजी जर्मनीत एका कॅथॉलिक कुटुंबात झाला. वडील १९१५ साली पहिल्या महायुद्धात कामी आले. वैमानिकाच्या पहिल्या वैद्यकीय चाचणीत वेर्नर नापास झाला; फिरत्या खुर्चीत बसवले की त्याला चक्कर येई. चिकाटीने तो पुढे वैमानिक झालाच.

१९३८ साली स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूने लढताना त्याने १४ विमाने पाडली. चार विमानांनी हाताच्या बोटांसारखे पसरून उडायचे, जोडीजोडीने एकमेकांची पाठ राखायची, ही रचना त्याने तेथे रुजवली. पुढे शत्रूनेही ती उचलली. दुसऱ्या महायुद्धात शंभर विमाने पाडणारा तो पहिला वैमानिक. तो दिवस १५ जुलै १९४१.

तो हिटलरच्या सैन्यात लढला, हे झाकता येणार नाही. त्याच उन्हाळ्यात नाझी राजवट मठ बळकावत होती आणि बिशप फॉन गालेन त्याविरुद्ध उघड प्रवचने देत होते. वेर्नरने सप्टेंबरात विवाह केला, तो मात्र धर्मगुरूंच्या हस्ते. २२ नोव्हेंबर १९४१ रोजी एका अधिकाऱ्याच्या अंत्यविधीला जाताना ब्रेस्लाऊ येथे विमान कोसळून तो गेला. त्या दिवशी तो केवळ प्रवासी होता. वय २८.

जानेवारी १९४२ मध्ये त्याच्या नावाचे एक पत्र जर्मनीभर फिरू लागले. मरण समोर असता श्रद्धाच आधार देते, असा त्याचा आशय. लोकांनी त्याच्या प्रती काढल्या, धर्मगुरूंनी ते चर्चमध्ये वाचले. गेस्टापोने काहींना अटक केली. पत्र बनावट होते. ब्रिटिशांच्या प्रचार विभागातील सेफ्टन डेल्मर यांनी युद्धानंतर स्वतःच ते सांगितले.

मी तेथे असतो तर बहुधा मीही ते वाचले असते. सही खोटी होती. ते वाचल्याबद्दल तुरुंगात गेलेल्यांची श्रद्धा खोटी म्हणता येईल का?

१९७३ साली जर्मन हवाई दलाच्या एका तुकडीला म्योल्डर्सचे नाव देण्यात आले होते. स्पेनमधील त्या कामगिरीमुळे २००५ साली ते काढून टाकण्यात आले.