बार्बरा मॅकक्लिंटॉक : जनुकांचं ‘लोकेशन’ डोळ्यांनी शोधणाऱ्या शास्त्रज्ञ

फोनमध्ये एखादा शब्द सर्च केला की मजकुरात तो जिथे असेल तिथे पिवळा दिसतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे कोडमध्ये दिवसभर हेच करत असतो. असाच सर्च पेशींमध्येही करता येतो. त्याचं नाव ‘इन सीटू हायब्रिडायझेशन’.

हे चालतं कसं?

डीएनएच्या दोन धाग्यांत जोड्या ठरलेल्या असतात : ए समोर टी, सी समोर जी. आपल्याला हव्या त्या सीक्वेन्सशी जुळणारा छोटा तुकडा, म्हणजे प्रोब, बनवायचा आणि त्याला चमकणारा रंग जोडायचा. काचपट्टीवरच्या पेशींमधले डीएनएचे धागे उष्णतेने वेगळे करायचे आणि वर प्रोब सोडायचा. जोडी जुळेल तिथे तो चिकटतो, उरलेला धुऊन टाकायचा. सूक्ष्मदर्शकाखाली ठिपका चमकला की लोकेशन सापडलं! १९६९ मध्ये येल विद्यापीठात जोसेफ गॉल आणि मेरी-लू पार्ड्यू यांनी हे तंत्र मांडलं, तेव्हा प्रोब किरणोत्सारी होता.

पण त्याच्या जवळपास ४० वर्षं आधी, प्रोब वगैरे काहीही नसताना, बार्बरा मॅकक्लिंटॉक हे लोकेशन शोधत होत्या.

मक्याचं शेत आणि सूक्ष्मदर्शक

त्यांचा जन्म १९०२ चा, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. कॉर्नेल विद्यापीठातून १९२७ मध्ये त्यांनी पीएचडी केली. मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या १० जोड्या असतात. रंग देऊन, लांबी आणि आकार बघून त्यांनी प्रत्येक गुणसूत्र वेगळं ओळखलं.

मक्याच्या एका ९ नंबरच्या गुणसूत्राच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला भलत्याच गुणसूत्राचा तुकडा जोडलेला होता. म्हणजे दोन्हीकडे आयत्या खुणा! मधे दाण्याचा रंग आणि पिठाचा प्रकार ठरवणारी जनुकं. १९३१ मध्ये हॅरिएट क्रेटन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की या जनुकांची अदलाबदल होते, तेव्हा गुणसूत्राचे तुकडेही खरोखर बदलतात. जनुक ही कागदावरची कल्पना नाही, तिला जागा आहे, हे डोळ्यांना दिसलं.

जागा बदलणारी जनुकं

१९४१ च्या शेवटी त्या कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्यांना ठिपकेदार दाणे दिसले. शोध घेतल्यावर कळलं की डीएनएचे काही तुकडे जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात. तुकडा रंगाच्या जनुकात घुसला की रंग बंद. दाणा वाढताना एखाद्या पेशीतून तो निघाला की तिथे पुन्हा रंग, म्हणजेच ठिपका!

१९५१ च्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, पण बऱ्याच जणांना ते समजलं नाही किंवा पटलं नाही. पुढे त्यांनी यावर नियतकालिकांमध्ये सविस्तर लिहिणं जवळजवळ बंद केलं. काम मात्र थांबवलं नाही. नंतर जिवाणूंमध्येही असेच फिरते तुकडे सापडले आणि जगाला त्यांची आठवण झाली. १९८३ मध्ये, ८१ व्या वर्षी, त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल एकटीला मिळालं. १९९२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आपल्याला याचं काय?

आज आपल्याला माहीत आहे की माणसाच्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग अशा फिरत्या तुकड्यांपासून आलाय. आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये हर-२ जनुकाच्या प्रती वाढल्यात का, हे चमकणारे ठिपके मोजून तपासतात. कोणतं औषध द्यायचं, हे त्यावरही ठरतं.

मला यातून एक गोष्ट पटली. डीएनएमध्ये काय लिहिलंय इतकंच ते कुठे लिहिलंय हेही महत्त्वाचं, आणि ते कळायला पेशीत डोकवावंच लागतं. मॅकक्लिंटॉक आयुष्यभर डोकावत राहिल्या. तुम्हाला रंगीबेरंगी दाण्यांचं कणीस कुठे दिसलं, तर जरा निरखून बघा. त्यातले ठिपके उगाच पडलेले नसतात!