ॲमी जॉन्सन

ॲमी जॉन्सन (१ जुलै १९०३ - ५ जानेवारी १९४१) या ब्रिटिश वैमानिक होत्या. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया हे अंतर विमानाने एकटीने पार करणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

सुरुवातीचे जीवन

जॉन्सन यांचा जन्म इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. शेफील्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतल्यानंतर त्यांनी लंडनमध्ये एका वकिलाच्या कार्यालयात नोकरी केली. १९२९ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला. विमानाच्या देखभाल-दुरुस्तीचा अभियंता परवाना मिळवणाऱ्याही त्या पहिल्या ब्रिटिश महिला ठरल्या.

लंडन ते डार्विन

५ मे १९३० रोजी त्यांनी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून 'जेसन' नावाच्या जुन्या जिप्सी मॉथ विमानातून उड्डाण केले. त्यापूर्वीचा त्यांचा सर्वांत लांबचा एकट्याचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता. डार्विनपर्यंतचा मार्ग सुमारे १७,७०० किलोमीटरचा होता. विमानाचा कक्ष उघडा होता आणि त्यात रेडिओ नव्हता.

बर्ट हिंकलर यांनी १९२८ मध्ये हा प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. तो विक्रम मोडणे हे जॉन्सन यांचे उद्दिष्ट होते. व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, अलेप्पो, बगदाद व बंदर अब्बास या मार्गाने त्या सहा दिवसांत तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराचीला पोहोचल्या. येथपर्यंत त्या हिंकलर यांच्यापेक्षा दोन दिवस पुढे होत्या. त्यानंतर इंधन कमी पडल्याने त्यांना झाशी येथे उतरावे लागले. रंगूनजवळ उतरताना विमानाचे मोठे नुकसान झाले व दुरुस्तीत त्यांची आघाडी संपली. २४ मे रोजी, साडेएकोणीस दिवसांनी, त्या डार्विनला पोहोचल्या. विक्रम हुकला, तरीही या उड्डाणामुळे त्या जगप्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी त्यांना सीबीई हा ब्रिटिश सन्मान देण्यात आला.

नंतरची उड्डाणे

१९३१ मध्ये जॅक हम्फ्रीज यांच्यासह त्यांनी लंडन ते मॉस्को हे अंतर एका दिवसात पार केले व पुढे टोकियोपर्यंत विक्रमी वेळेत प्रवास केला. १९३२ मध्ये त्यांचा विवाह वैमानिक जिम मॉलिसन यांच्याशी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी लंडन ते केपटाउन मार्गावरील पतीचाच विक्रम मोडला. १९३४ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया स्पर्धेत या दांपत्याने भारतापर्यंतचा प्रवास विक्रमी वेळेत केला. मात्र इंजिनातील बिघाडामुळे त्यांना अलाहाबाद येथे माघार घ्यावी लागली. १९३८ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला.

मृत्यू

दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये जॉन्सन विमाने इच्छित तळावर पोहोचवणाऱ्या हवाई वाहतूक साहाय्यक दलात दाखल झाल्या. ५ जानेवारी १९४१ रोजी त्या एअरस्पीड ऑक्सफर्ड विमान घेऊन ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या किडलिंग्टन तळाकडे निघाल्या. हा प्रवास जेमतेम तासाभराचा होता. खराब हवामानात त्या मार्गापासून फार दूर गेल्या आणि साडेतीन तासांहून अधिक काळानंतर विमान टेम्स नदीच्या मुखाजवळ समुद्रात कोसळले. त्यांना वाचवण्यासाठी गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेणारे नौदल अधिकारी वॉल्टर फ्लेचर यांचाही मृत्यू झाला. जॉन्सन यांचा मृतदेह कधीच सापडला नाही.