रसायनशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस

कार्ल अर्न्स्ट क्लाउस यांचा जन्म इ. स. १७९६ सालीं रशियन साम्राज्यांतील दोर्पात या नगरांत झाला. हें नगर आज एस्टोनिया देशांत असून तें टार्टू या नांवानें ओळखलें जातें. बालपणींच मातापितरांचें छत्र हरपल्यामुळें चौदाव्या वर्षीं सेंट पीटर्सबर्ग येथील एका औषधालयांत त्यांनीं उमेदवारी पत्करिली, आणि पोट भरतां भरतां विद्या संपादन केली. १८२६ सालीं काझान येथें त्यांनीं स्वतःचें औषधालय काढिलें. पुढें तेथील विद्यापीठांत ते रसायनशास्त्र शिकवूं लागले.

त्या काळीं उरल पर्वतांतील प्लॅटिनमचीं नाणीं पीटर्सबर्गच्या टांकसाळींत पाडीत असत. धातु काढून घेतल्यावर जो गाळ उरे, तो मागवून क्लाउस यांनीं अनेक वर्षें त्याचें पृथक्करण केलें, आणि १८४४ सालीं त्यांतून एक नवा धातु निराळा केला. तोच रुथेनियम.

हें काम जिवावरचें होतें. धातूचा प्राणवायूशीं संयोग झाला म्हणजे बहुधा गंजासारखा मातकट पदार्थ बनतो. परंतु त्या गाळांतील ऑस्मियमची तऱ्हा वेगळी. त्याच्या एका अणूस प्राणवायूचे चार अणु जोडले जातात. प्रत्येकाचे दोन याप्रमाणें धातूची अवस्था +८ होते. इतकी उच्च अवस्था फारच थोड्या धातूंस साधते. हा ऑक्साइड कापरासारखा उडून जातो, आणि त्याची वाफ डोळ्यांस व फुप्फुसांस अत्यंत घातक असते. १८४५ सालीं तिची बाधा होऊन क्लाउस यांस कांहीं दिवस काम थांबवावें लागलें. पुढें रुथेनियमचाही असाच ऑक्साइड त्यांनीं तयार केला.

नव्या धातूचा नमुना त्यांनीं स्वीडनमधील थोर रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांजकडे धाडिला. हें अशुद्ध इरिडियम आहे, असा त्यांचा अभिप्राय आला. एवढ्या मोठ्या अधिकारी पुरुषापुढें दुसरा कोणी गप्प बसला असता. क्लाउस यांनीं वाद घातला नाहीं आणि हारही मानली नाहीं; नव्या धातूचे जे जे संयुग हातीं येई, त्याचा नमुना ते पाठवीत राहिले. अखेर १८४५ सालीं बर्झेलियस यांनीं आपलें मत बदलून नव्या धातूस मान्यता दिली.

धातूस स्वतःचें नांव न देतां रशियाच्या लॅटिन नांवावरून ओसान या पूर्वीच्या संशोधकानें सुचविलेलें नांवच क्लाउस यांनीं कायम ठेविलें. १८६४ सालीं ते दोर्पात येथें निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, पुराव्यावर निष्ठा ठेवणारा शिष्य आणि पुरावा पाहून मत बदलणारा गुरु, या दोघांच्याही योगानें शास्त्र पुढें जातें.