गणिती कोसंबी आणि जाणकाराचे उत्तरदायित्व

अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा पवईच्या कचेऱ्यांत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्याला एक प्रश्न आज ना उद्या गाठतोच : आपल्या आज्ञावलीचा वापर कशासाठी होतो, याचा जाब आपण द्यायचा की मालकाने? मुंबईत संगणक येण्यापूर्वीच हा प्रश्न स्वतःला लावून घेणारे गणिती म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती एवढी, की त्यांचा चरितार्थ गणितावर चाले याचे विस्मरण होते.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. शिक्षण अमेरिकेत झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मिळाली. तेथे गणिती नॉर्बर्ट वीनर यांच्याशी स्नेह जुळला. याच वीनर यांनी, आपले युद्धकालीन संशोधन क्षेपणास्त्रांच्या कामी मागणाऱ्या अभियंत्याला १९४७ मध्ये जाहीर नकार दिला. पुढच्याच वर्षी कोसंबी युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर गणकयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले.

फर्ग्युसन महाविद्यालयानंतर डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला यायचे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. भाभांच्याच नेतृत्वाखाली १९५६ मध्ये उपनगरातील तुर्भ्याला ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. देश त्या कौतुकात असताना कोसंबी मात्र सौरऊर्जेची बाजू मांडत होते. बारमाही ऊन असलेल्या गरीब देशाने अवाढव्य भांडवल अणुभट्ट्यांत अडकवू नये. सूर्याची ऊर्जा खेडोपाडी, लहान प्रमाणावर वापरता येईल, असा त्यांचा हिशेब होता. किरणोत्सर्गाचा आणि अण्वस्त्रांचा धोका ते वेगळाच मोजत. जागतिक शांतता परिषदेच्या व्यासपीठावरून इतर देशांतील वैज्ञानिकांबरोबर त्यांनी याच भूमिकेचा पाठपुरावा केला. ज्यांच्या संस्थेत नोकरी, त्यांच्याच कार्यक्रमाला हा उघड विरोध होता. १९६२ मध्ये त्यांचा करार वाढवला गेला नाही.

केवळ मतांसाठी त्यांना जावे लागले, असे म्हणणे मात्र सोयीचे, पण अपुरे ठरेल. रीमान गृहीतकाची सिद्धता सापडल्याचा दावा त्यांनी कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकातून केला होता. तज्ज्ञांनी तो मानला नाही. इतरांकडे जाब मागणाऱ्या या गणितज्ञाने स्वतःचे काम जेथे त्याची कसून तपासणी होईल अशा ठिकाणी का पाठवू नये? स्वभावाचा तिखटपणाही आड आलाच. तरीही गणितातील त्यांच्या श्रेयाला बाध येत नाही : अनुवंशशास्त्रातील ‘कोसंबी फलन’ आजही वापरात आहे.

१९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिकपद दिले. जानेवारी १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनला पुण्यात, अवघ्या ५८व्या वर्षी, कोसंबींचे झोपेतच निधन झाले. तारापूरची अणुवीज त्यानंतर तीन वर्षांनी, १९६९ मध्ये आली.